वहिनी, उजवीकडे दादा आहे

वहिनी, दादा नाल्यापलीकडे जायला लागला आहे.

तुमची तेरवी झाली, पाहुणे पांगले, तुमच्या नागभीडच्या माहेरच्यांना मी गाडीत बसवून आलो आणि घरात आम्ही दोघे भाऊच उरलो. मला वाटलं, आता दादा रडेल. तो रडला नाही. संध्याकाळी बूट घातले, "जरासा फिरून येतो" म्हणाला आणि गेला. मला बरंच वाटलं. माणूस घराबाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे, असं शेजाऱ्यांनाही सांगून मोकळा झालो. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी, मातीने माखलेला गोल्फचा एक बॉल दिसला. पुसून पाहिला तर त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तुमची खूण. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी एक होता. आता खिडकीत ओळ लागली आहे आणि चहा करताना मला तिकडे पाहवत नाही.

हे बॉल कुठून आले ते कोणी सांगायची गरज नव्हती. खाणीच्या वसाहतीतलं आपलं मैदान म्हणजे काय, तर साहेब लोकांनी कधीकाळी हौसेने केलेलं आणि बदल्या होत होत विसरून गेलेलं गवत. भोकाभोवती हिरवळीच्या ग्रीनऐवजी तेल पाजलेली काळी वाळू, मधल्या गवताळ पट्ट्यात, फेअरवेवर, गाई, आणि कोळशाच्या धुळीने दोन फटक्यांत राखाडी होणारा बॉल. तिसऱ्या होलला डावीकडे बल्लारपूरचा रस्ता. उजवीकडे कोरडा नाला, त्याच्या पलीकडे रायमुनियाची काटेरी झुडपं, आणि त्यांच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचे जुने डोंगर, ज्यांच्यावर आता सुबाभूळ माजली आहे. तिथे वाघीण असते. शेजारी एखादं बिऱ्हाड असावं तशी असते. म्हणून आपल्याकडे एक नियम, जो दुसऱ्या कुठल्या मैदानावर असेल असं वाटत नाही: नाल्यापलीकडे गेलेला बॉल वाघाचा. एक फटका दंड घ्यायचा, खिशातून दुसरा बॉल काढायचा आणि पुढे चालायचं. तुम्ही शाळेत पोरांना उठता बसता "काऊन?" विचारायला शिकवायचात. या नियमाला मात्र तुम्ही कधी काऊन विचारलं नाही. बॉल पलीकडे गेला की "दिला त्याले" म्हणायचात आणि वळून पाहायचा नाहीत.

आता दादा तेच बॉल वाघाकडून परत आणतोय.

मी भित्रा आहे हे तुम्ही लग्न होऊन आलात त्याच आठवड्यात ओळखलंत. अंगणात मांजर उडी मारून आली आणि मी आतल्या खोलीत गेलो, तेव्हा तुम्ही पदराआड हसलात ते मी पाहिलं होतं. पण दादा आणि मी जंगलाच्या काठच्या गावचे, वहिनी. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली आमची मोठी आई, थोरली काकू, परत आली नाही, तिची टोपली आली. ती टोपली रानातून दादाच घेऊन आला होता. मी तेव्हा दारात उभा होतो. त्यानंतर घरात तिच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. त्या माणसाला आता मी वाघाची भीती काय समजावून सांगू?

मला गोल्फ शिकवायचं तुमच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. बदली होऊन चाललेल्या एका साहेबांच्या बायकोने तुम्हाला जुन्या काठ्यांची पिशवी दिली, ती तुम्ही घरी आणलीत, आणि पहिल्याच रविवारी फटका असा मारलात की रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून पाहत राहिले. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस. माझी पाठ आखडलेली, मान पुढे आलेली. "भाऊजी, दिवसभर गोळ्या देता लोकाइले, स्वतःले हवा तर द्या," असं म्हणून तुम्ही मला तिसऱ्या होलच्या टीवर, जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभं केलंत आणि हातात ड्रायव्हर दिलात. पिशवीतली सगळ्यात लांब काठी, सोललेल्या नारळाएवढं डोकं. लांब मारायला तीच लागते आणि माणसाची फजिती करायलाही तीच.

माझा बॉल डावीकडे निघायचा, अर्ध्या वाटेत त्याचा विचार बदलायचा, आणि वळत वळत नाल्यापलीकडे जायचा. याला स्लाइस म्हणतात हे तुम्ही सांगितलंत. मी माझ्या अकलेने उपाय केला. बॉल उजवीकडे जातोय ना, मग आपण आणखी डावीकडे तोंड करून उभं राहावं. जितका मी डावीकडे वळलो तितका बॉल जास्त उजवीकडे जायला लागला. वसाहतीत सगळ्यांचंच असं होतं. त्या टीवर उभा राहिलेला प्रत्येक जण नकळत रस्त्याकडे तोंड करतो आणि प्रत्येकाचा बॉल वाघाकडे जातो.

"तुमी भिऊन डावीकडं पायता," तुम्ही म्हणालात. "मंग काठी बाहेरून आत येते, बॉलले कापते, अन् कापलेला बॉल तिकडंच पयते. तुमच्या भेवानंच जाऊन राह्यला तो."

"मग काय करू?"

"नाल्याकडं मारा."

"वहिनी, नाल्याकडे वाघीण आहे."

"आहे ना. नाई कोन म्हन्ते? पन काठी आतून बाहेर गेली, बॉल नाल्याकडं निघाला, तरच तो वळून घरी येते. घराकडं मारला तर नाई येत."

मला ते उलटंच वाटलं. तुम्ही धानाच्या गावच्या, तुम्हाला लगेच दुसरं उदाहरण सुचलं. "तुमी धान कापून राह्यले, भाऊजी. इळा आपल्याकडं ओढा लागते. हे ओढाचं काम नाई, फेकाचं आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात माझी शाळा सुरू झाली. सडा टाकायच्या आधी अर्धी बादली पाणी माझ्या हातात. बादली उजव्या कमरेपाशी न्यायची, तिथून झोक्याने पाणी फेकायचं, आणि ते समोर उजवीकडच्या पेरूवर पडलं पाहिजे. मी फेकलेलं पाणी डावीकडे उभ्या असलेल्या दादाच्या मोटारसायकलवर पडायचं. वसाहतीत कोणाचीच गाडी इतकी स्वच्छ नसेल. दादा ओट्यावर सुपारी कातरत बसायचा आणि न हसता म्हणायचा, "मागच्या चाकाले राह्यलं, मध्या."

पेरू भिजायला लागला तेव्हा तुम्ही मला परत टीवर नेलंत. बॉल डाव्या टाचेसमोर. बॉलखालची टीची खुंटी उंच. उजवा पाय जरा मागे, उजवा खांदा खाली. बॉलच्या मागे, थोडा पलीकडच्या बाजूला, तुम्ही बुटाचा रिकामा खोका ठेवायचात. काठी बाहेरून आली की खोका उडायचा. खूप खोके उडाले. तुमचे विद्यार्थी नवे बूट घेतले की खोका घेऊन यायचे, बाईंचे भाऊजी सुधारत नाहीत म्हणून. मला लाज वाटायची, पण त्या संध्याकाळी मला आवडायच्याही, आणि हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. दुकानातून सुटल्यावर कोणीतरी माझी वाट पाहतंय, माझा खांदा खाली गेला की नाही याची कोणाला तरी काळजी आहे, असं माझ्या आयुष्यात आधी नव्हतं, वहिनी. मी लग्न केलं नाही, दादाच्या घरात राहिलो, आणि तुम्ही मला एक दिवसही उपरा वाटू दिलं नाहीत. थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून राहून गेलं.

मग एकदा तो फटका बसला. खोका जागचा हलला नाही. बॉल नाल्याकडे निघाला, आणि रायमुनियाच्या काठावरून तो वळला आणि मैदानात आला. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. "हां. आता असाच मारा," एवढंच म्हणालात आणि खोका उचलून ठेवलात. असे माझे फटके थोडेच. दहा मारले तर सात पलीकडे जायचे, पण ते तीन होते.

त्यानंतर तिसऱ्या टीच्या मऊ मातीत पंजे उमटलेले सापडले आणि मी तो होल सोडून दिला. दुसऱ्यावरून सरळ चौथ्यावर. तुमच्यावर कधी चिडलो नसेन तितका त्या दिवशी चिडलो, कारण तुम्ही मला अडवलंत.

"तिसरा काऊन सोडता?"

"जीव प्यारा आहे म्हणून."

"ती टीवर येऊन गेली, बसून नाई राह्यली तिथी. उजेडात चार मान्सं असतात. नाल्यात मी तरी कधी पाय टाकला का?"

"भीती खोटी आहे का, वहिनी?"

"खरी आहे. खरी आहे म्हणून तर नाल्यात जात नाई. पन खांद्यात काऊन ठिवता तिले?"

उत्तर होतं माझ्याकडे. तुम्ही मोठ्या आईची टोपली पाहिली नाही, असं म्हणणार होतो. गिळलं, आणि बरं झालं गिळलं. पण भांडण तिथेच राहिलं. पुढच्या रविवारी मी तिसऱ्यावर यायचं की नाही, यावर आपण बोलणार होतो. पुढचा रविवार तुमच्याशिवाय आला. भाजी निवडता निवडता माणूस जातो, त्याला काही कारण लागत नाही, हे डॉक्टरांनी जरा मोठ्या शब्दांत सांगितलं.

आता मोह गळायला लागलाय. फॉरेस्ट गार्ड बाई परवा दारोदार सांगून गेल्या, पहाटे फुलं वेचायला कोणी एकटं जाऊ नका. माझ्यापाशी थांबून त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे दादा नाल्याकडं दिसले. वाघिनीसंगं पिल्लं आहेत आता. पिल्लं असली का ती ऐकत नाई कोनाचं." मी दादासमोर बसलो. तो लसूण सोलत होता.

"दादा, तिकडं काऊन जाऊन राह्यला तू?"

"बॉल आनाले."

"मी नवे आनून देतो. डब्बा भरून."

"ते तिच्या काठीचे नसतीन."

"पिल्लं आहेत तिकडं."

"मालूम आहे मले."

त्याने लसणाची सालं गोळा केली, केराच्या डब्यात टाकली, हात धुतले. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो अगदी शांत होता. वहिनी, स्पष्टच सांगतो. मला वाटतं तो नुसते बॉल शोधायला जात नाही. आत गेल्यावर काय होईल ते होऊ दे, असं त्याने ठरवलंय, आणि तुमचे बॉल हे फक्त लोकांना सांगायला कारण आहे.

काल मी दुकानातून लवकर निघालो. तिसऱ्या टीजवळ त्याची मोटारसायकल उभी, बाकाला टेकवून तुमची काठ्यांची पिशवी. रोज ती तो टीवर घेऊन जातो, हे मला काल कळलं. दादा कुठेच नव्हता. ऊन मातीच्या डोंगरामागे उतरत होतं. मी नाल्याच्या काठापर्यंत गेलो. काठावर त्याच्या बुटांचे ठसे, आत जाणारे. एवढ्यात सुबाभळीत वानर खाकरलं. मग दुसरं. जंगलाच्या काठी वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही: वाघीण जवळपास होती. मी ओरडलो, "दादा!" पुन्हा ओरडलो. पण खाणीत डंपर चालवून चालवून त्याचे कान गेलेले; लांबून माणसाचा आवाज त्याला लागतच नाही. गार्ड बाईंना फोन केला. "निघाली मी. तुमी आत जाऊ नका, काई झालं तरी," त्या म्हणाल्या. मला कोणी सांगायला नको होतं. माझे पाय काठावरून पुढे उचलतच नव्हते. मोठी आई, टोपली, दार, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तिथे उभा राहून रडलो, वहिनी.

आता एक सांगतो जे तुम्हाला माहीत नाही. दादाला लांबून माणसाचा आवाज लागत नसला तरी ड्रायव्हरचा ठोका लागायचा. आपलं घर तिसऱ्या टीपासून किती लांब? संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा आणि ऐकायचा. मी आजारी म्हणून घरी असलो की त्याच्याशेजारी बसून मी हे पाहिलं आहे. कोणाचा फटका फुटका वाजला की म्हणायचा, "गेला वाघाकडं." आणि तुमचा भरीव ठोका आला की उठायचा आणि चहाचं आधण ठेवायचा. तुम्ही शेवटचे फटके तिथेच मारून घरी यायचात. दारात पाय टाकला की चहा उकळत असायचा. "तुमाले कसं कळते मी येऊन राह्यली म्हणून?" तुम्ही विचारायचात. "वाटलं," तो म्हणायचा. त्याने तुम्हाला खरं कधी सांगितलं नाही. मीही नाही, कारण ते त्याचं होतं. आता सांगितलं.

काल मी परत टीवर आलो आणि पिशवीतून ड्रायव्हर काढला. एक ठोका वाजवायचा होता, फक्त एक, पण तो तुमच्यासारखा. बॉल टीवर ठेवला तेव्हा लक्षात आलं की उजवीकडे दादा आहे. कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण त्या झुडपांत कुठेतरी तो होता आणि माझ्या दहातले सात फटके तिथेच जातात. डावीकडे रस्ता, खाणीतली पाळी सुटलेली, लोक मोटारसायकलींवरून घरी चाललेले. माझ्या अंगाला फक्त एकच कळत होतं: डावीकडे वळ, भावापासून दूर मार. आणि तसं मारलं तर बॉल वळून त्याच्याच डोक्यावर जाणार, हे मी तुमच्याकडून शिकलो होतो. त्याला वाचवायचं तर त्याच्याच दिशेने मारायचं होतं. तुम्ही असतात तर मी म्हटलं असतं की वहिनी, हे माझ्याकडून होणार नाही. तुम्ही नव्हता. मी उजवा पाय मागे घेतला, उजवा खांदा खाली सोडला आणि काठी आतून बाहेर सोडली.

ठोका भरीव वाजला. बॉल झुडपांवरून गेला, काळसर आभाळात मला तो दिसेनासा झाला, आणि नंतर कुठेतरी मैदानात गवतावर आपटल्याचं ऐकू आलं. वानरं गप्प झाली. मग रायमुनियात काहीतरी हललं, माझ्याकडे येत असलेलं, जोरात. मी काठी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं तीच आहे.

दादा होता. काट्यांनी शर्ट फाटलेला, पळत, या वयात पळत तो नाल्यात उतरला. आणि वहिनी, तो हसत होता. तुम्ही गेल्यापासून त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. नाल्याच्या मध्यावर येऊन त्याने टीकडे मान वर केली आणि तिथे मी दिसलो.

"मले वाटलं..." तो म्हणाला.

मी आयुष्यात खूप गोष्टींना घाबरलो आहे. पण तो चेहरा विझताना पाहिला, त्याला मी सगळ्यात जास्त घाबरलो. त्याला हात देऊन वर घेतला. मग तो रडला. बाकावर बसून, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, गार्ड बाई येऊन आम्हा दोघांना झाप झाप झापत होत्या तरी रडत राहिला. त्यांना वाटलं तो वाघाला घाबरला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "मी बाकावर बसीन. नाल्यात पाय नाई टाकनार. तू रोज एक मार." मी हो म्हणालो. थोड्या वेळाने म्हणाला, "पन तिच्यासारखा लागला पायजे, मध्या. नाई लागला तर मले बसवनार नाई तिथी."

आज दुकानात मी दोनदा चुकीच्या गोळ्या काढल्या. मालकाने घरी पाठवलं. वहिनी, तुम्ही मला एक हौस म्हणून शिकवलंत, रविवारची गंमत म्हणून, आणि आता माझ्या त्या दहातल्या तीन फटक्यांवर तुमचा नवरा जिवंत राहायचा आहे. मला तुमच्यावर राग येतो. आणि तुम्ही शिकवलं नसतं तर काल काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटा येतो. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, मला सांगता येत नाही.

ऊन कलायला अजून वेळ आहे. दादा केव्हापासून बूट घालून ओट्यावर बसलाय.